संध्याकाळी झोपायला जाणारे चॅनल

तेजो : नाही, नाही, बापाक, स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा. काही उघडायचं नाही. मला फक्त एवढं सांगा, टीव्हीवर आत्ता काय दिसतंय?

पार्तोनो : निळं.

तेजो : नुसतं निळं?

पार्तोनो : नुसतं कसं असेल? लिहिलंय त्यावर. 'एकही चॅनल सापडला नाही. पुन्हा शोधायचं का?' गेले काही दिवस रोज संध्याकाळी मलाच विचारतंय. मी म्हणतो, शोध बाबा. शोधतं, शोधतं, आणि परत माझ्याच तोंडाकडे बघत बसतं. टीव्हीला जोडलेला हा कॉम्प्युटर बापानं बनवलाय का पोरानं?

तेजो : मी बनवलाय. लेबारानच्या, ईदच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा तुमच्यासमोर चालवून दाखवला होता. तीसेक चॅनल लागले होते.

पार्तोनो : अरे, ते आज सकाळीही लागले होते! काच पुसल्यासारखे! बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातल्या खड्यात मला कॅमेरावाला दिसला. कॅमेरावाल्याच्या मागे दार दिसलं, आणि दारातून चहा घेऊन येणारा माणूसही दिसला.

सुमिरा : चहात साखर किती होती तेही दिसलं असेल.

पार्तोनो : तू मध्ये बोलू नकोस गं. पोराचा फोन बालिकपापानहून आलाय. समुद्रावरून शब्द येतायत, धक्का लागला तर सांडतील.

तेजो : आई आहे का तिथे? इबू, तू सांग. बापाकच्या बोलण्यातलं किती धरायचं?

सुमिरा : सकाळी चॅनल होते, एवढं धर. दुपारीही होते, मी स्वयंपाकाचा कार्यक्रम बघितला. कानातलं आणि चहावाला सोडून दे.

तेजो : आणि गेले कधी?

सुमिरा : मगरिबच्या अझानच्या आसपास. कालही तेव्हाच गेले, परवाही. अंधार पडला की जातात.

पार्तोनो : मी सांगतो, यात कॉम्प्युटरचा दोष नाही. स्टेशनवरची माणसं नमाजाला जात असतील, दिवे मालवून. त्यांनाही बायकामुलं आहेत.

तेजो : टॉवर कोणी मालवत नाही, बापाक. चोवीस तास चालतो तो. थांबा, एकेक करून बघू. आठला दहा कमी आहेत, म्हणजे इबूचं सातचं नाटक सुरू होऊन तासभर झालाच की! गेलं!

पार्तोनो : तुझं घड्याळ तुझ्याकडे ठेव. तिकडे समुद्रापलीकडे तुम्हाला सूर्य आधी मिळतो, म्हणून काय आमचेही आठ वाजवतोस? इथे सातला दहा कमी आहेत. रात्रीची, इशाची अझान व्हायची आहे अजून. ती झाली की सुरू होणार.

तेजो : हो, हो. विसरलोच. मग दहा मिनिटं आहेत.

सुमिरा : सोड रे तेजो. जेवलास का तू? एकच प्रवेश आहे माझा. नावाडीण येते, राजकुमाराला पलीकडे सोडते, संपलं. त्यासाठी एवढा जीव काय काढायचा?

पार्तोनो : सोड कसं? बाहेरच्या खोलीत अख्खी गल्ली बसलीय. कासियेमबाई तर नवा केबाया, सणाचा पोलका घालून आलीय, जशी काही तीच टीव्हीत दिसणार आहे.

तेजो : त्यांच्या घरी नाही दिसत?

सुमिरा : सगळ्यांच्या छपरांवर ताटल्या आहेत ना. ताटलीत जाकार्ता दिसतं, सिंगापूर दिसतं, आपलं जोग्या दिसत नाही. जोग्याचं चॅनल गल्लीत फक्त तुझ्या या कॉम्प्युटरच्या पेटीवर लागतं. आणि नाटक एकदाच दाखवणारेत. पुन्हा नाही, तसं त्या दिग्दर्शकानंच सांगितलं.

तेजो : मी रेकॉर्डिंग बसवून ठेवायला हवं होतं. पुढच्या लेबारानला बसवीन म्हटलं आणि राहिलं. पण इबू, तू काळजी करू नकोस. निदान बापाकनी तरी बघितलंय तुला. स्टुडिओत पहिल्या रांगेत बसले होते, तुझा प्रवेश आला तेव्हा रुमाल पिळून काढावा लागला, मला फोनवर सगळं सांगितलं त्यांनी.

सुमिरा : काय पिळून काढावा लागला?

पार्तोनो : तेजो, तू सिग्नलचं बघ.

सुमिरा : नाटकाचं शूटिंग झालं त्या दिवशी हे बांतुलला होते. पाखरांच्या गाण्याच्या स्पर्धेत. त्यांच्या होल्याला, गुंतुरला घेऊन.

तेजो : बापाक!

पार्तोनो : तिसरा आला होता तो! सहाशे होल्यांत तिसरा! आणि पहिला आला असता, पण परीक्षकाला एका कानानं ऐकू येत नव्हतं आणि गुंतुर नेमका त्या बाजूला टांगला होता.

सुमिरा : टपरीवर पण हेच. पहिली रांग आणि रुमाल. आता मी चहाला गेले की लोक मला विचारतात, नवरा अजून रडतो का हो?

पार्तोनो : गेलो असतो तर रडलोच असतो. म्हणजे खोटं कुठे झालं?

सुमिरा : लग्नाआधी सहा वर्षं नाटकमंडळीत होते मी. तंबू तुमच्या गावाच्या वेशीवर लागला होता, महिनाभर. एकदा आलात बघायला? रोज उद्या, उद्या. मग लग्न झालं, आणि मंडळीच सुटली. आता म्हातारपणी तासाभराचं नाटक मिळालं, तेही… जाऊ दे. चहा गार होतोय लोकांचा.

तेजो : गेली का ती?

पार्तोनो : गेली. ऐक तेजो, नीट ऐक. मला हे चॅनल आज लागायलाच हवं. काही कर. ती पेटी फोडायला सांगितलीस तरी फोडतो. दुसऱ्यांनी बघावं, न बघावं, ते जाऊ दे. मला बघायचंय.

तेजो : फोडू नका. आपण शोधू. पहिलं, पेटी गरम लागतेय का? हात ठेवा तिच्यावर.

पार्तोनो : हात ठेवायला जागा नाही.

तेजो : म्हणजे?

पार्तोनो : वर तुझ्या आईनं विणलेला लेसचा रुमाल आहे. रुमालावर फुलदाणी. फुलदाणीशेजारी गुंतुरचा चषक, तिसरा क्रमांक.

तेजो : आधी ते सगळं काढा! पेटीला वर भोकं आहेत, तिथून गरम हवा बाहेर जाते. तुम्ही तिला घोंगडी पांघरलीय. दिवसभर तापून तापून संध्याकाळी बंद पडत असेल. हेच असणार!

पार्तोनो : काढलं. फुलदाणी, रुमाल, चषक. आता?

तेजो : आता हात ठेवा.

पार्तोनो : गार आहे. बेडकाच्या पोटासारखी.

तेजो : गार?

पार्तोनो : अगदी. कासियेमबाईनं पण हात लावून बघितला. तीही म्हणते, गार. म्हणते, मिरच्या जाळून धूर द्यावा.

तेजो : कासियेमबाईंना तिकडेच बसू द्या. बरं, मग विजेचं बघू. संध्याकाळी गल्लीत सगळे दिवे, भाताचे कुकर लागतात. दाब कमी होतो. दिवा मंद झालाय का?

पार्तोनो : नाही. उलट जास्तच लख्ख आहे. मी तुझ्या आईच्या प्रवेशासाठी मोठा बल्ब लावलाय.

तेजो : टीव्हीला बल्ब लागत नाही, बापाक. असो. पेटीच्या मागे एक छोटी पांढरी कांडी खोचलेली आहे, तिच्यावर दिवा आहे. कुठला रंग?

पार्तोनो : हिरवा.

तेजो : हिरवा? म्हणजे कांडी जिवंत आहे. वायर तिच्यात घट्ट आहे का? ओढू नका, नुसती हलवा.

पार्तोनो : घट्ट आहे. मी सकाळी मेण लावून बसवलीय, गुंतुरच्या पिंजऱ्याच्या दाराला लावतो तेच.

तेजो : मेण… बरं. आता रिमोटवर डावीकडचं चौथं बटण दाबा. पट्टी येईल. आली? त्यावर 'सिग्नल' म्हणून आकडा आहे.

पार्तोनो : आहे. भोपळा.

तेजो : सकाळी किती होता, बघितलंत?

पार्तोनो : नव्वदच्या वर. मी म्हटलं ना, सकाळी चहावाला दिसला.

तेजो : नव्वदचा भोपळा असा एकदम होत नाही हो. पाऊस आला, तर साठ होईल. वारा आला, तर पन्नास. चित्राचे चौकोन चौकोन होतील, आवाज तुटेल. एकदम शून्य म्हणजे… म्हणजे अँटेनाच नाही असं वाटतंय. तुमच्या बाजूला नवीन काही बांधकाम झालंय का? टॉवरची टेकडी आणि आपलं घर यांच्यामध्ये?

पार्तोनो : नाही. आणि झालं असतं तर सकाळीही आडवं आलं असतं. इमारत काय संध्याकाळी उभी राहते आणि सकाळी बसते?

तेजो : तेच तर मला कळत नाहीये. सकाळी आणि संध्याकाळी तुमच्या घरात वेगळं काय होतं? विचार करा. काहीही असेल. फ्रिज, पंपाची मोटर, शिवणयंत्र?

पार्तोनो : काहीच नाही. सकाळी उठतो. गुंतुरला आंघोळ, मग दाणे, मग पिंजऱ्यासकट दोरानं बांबूवर. संध्याकाळी तो खाली येतो, मी जेवतो, झोपतो. आयुष्य असं सरळ आहे माझं, जशी भाताची ओळ.

तेजो : त्यात काही नाही. मग पेटीच्या आतलं गणितच चुकलं असेल. चॅनलची यादी कोणी पुसतंय का? तुम्ही पुन्हा शोध लावता ना, तेव्हा जुनी यादी पुसली जाते. पण सकाळी परत कशी येते मग? तुम्ही सकाळी पण शोध लावता?

पार्तोनो : रोज. गुंतुर वर गेला की मी शोध लावतो. मला मजा वाटते, एकेक नाव वर येताना. जसे जत्रेतल्या पाळण्यातून उतरणारे लोक.

तेजो : आणि संध्याकाळी परत शोधता, काही सापडत नाही, म्हणून यादी रिकामी. बरोबर. पण मुळात सापडत का नाही? बापाक, मला वेड लागेल. नोकरीच्या जागी मी जहाजांची यंत्रं दुरुस्त करतो, आणि इथे एक पेटी…

पार्तोनो : मी एक सांगू? हसू नकोस. सगळं जातं तसंच चॅनलही झोपायला जात असतील. हे आकाशातून येणारं आहे ना? आकाशातलं सगळंच अंधार पडला की खाली बसतं.

तेजो : हसलो नाही. इबूला बोलवा. तिला बाहेर पाठवा, हातात बॅटरी देऊन. तिला म्हणावं, छपरावरची अँटेना सरळ आहे का बघ.

पार्तोनो : अगं ए! तेजो म्हणतोय, बाहेर जाऊन अँटेना बघ!

सुमिरा : बाहेर कशाला? ती आत आहे.

तेजो : काय म्हणाली?

सुमिरा : अँटेना ना? ती माझ्या चुलीच्या बाजूला आहे. भाताच्या डब्यावर.

तेजो : …इबू, मी छपरावरच्या अँटेनाबद्दल बोलतोय. माशाच्या काट्यासारखी. मी स्वतः लोखंडी खांबाला लावली होती.

सुमिरा : हो, तीच. माशाचा काटा. रोज संध्याकाळी येते ती आत, गुंतुरबरोबर. रोज मी तिच्या वायरीत अडखळते. आजही कढईतलं तेल सांडता सांडता वाचलं.

तेजो : गुंतुरबरोबर म्हणजे काय? बापाक!

पार्तोनो : म्हणजे… तू गेल्यावर, आत्ता गेल्या आठवड्यात, मी जरा सुधारणा केली.

तेजो : काय सुधारणा?

पार्तोनो : तूच म्हणाला होतास, अँटेना जेवढी उंच तेवढी चांगली. म्हणाला होतास का नाही? मग गल्लीत सगळ्यात उंच काय आहे? छप्पर नाही. मशिदीचा मनोरा माझा नाही. गुंतुरचा बांबू! नारळापेक्षा हातभर उंच. वर कप्पी, कप्पीला दोर, दोराला पिंजरा. मी अँटेना पिंजऱ्याच्या डोक्यावर बांधली. लांब वायर आणली. काय चित्र आलं म्हणतोस! अरे, चहावाला—

तेजो : आणि संध्याकाळी?

पार्तोनो : संध्याकाळी काय?

तेजो : संध्याकाळी पिंजरा कुठे असतो?

पार्तोनो : खाली उतरवतो. अझानच्या आधी. दव पडलं तर होल्याचा घसा बसतो, हे लहान पोरालाही…

सुमिरा : हं.

पार्तोनो : …अरे.

तेजो : हो.

पार्तोनो : अरे, अरे, अरे.

तेजो : बापाक, अँटेनाला घसा नसतो!

पार्तोनो : मला कसं सुचणार? पाखरू खाली आणणं म्हणजे काय काम आहे का? ते होतंच. तू मला विचारलंस, संध्याकाळी काय वेगळं करता. मी म्हटलं काही नाही. श्वास घेतो का माणूस, असं विचारल्यासारखं आहे ते.

तेजो : इबू, तू रोज ती भाताच्या डब्यावर बघत होतीस. बोलली का नाहीस?

सुमिरा : मला वाटलं तिलाही दव लागत असेल. मला काय माहीत, तुम्हा दोघांच्या यंत्रांना काय काय लागतं ते? परवा हे तिला फडक्यानं पुसतही होते.

तेजो : वेळ नाही आता. अँटेना सोडवा आणि छपरावर परत लावा. माझा लोखंडी खांब आहे ना तिथे?

पार्तोनो : तो नाही.

तेजो : कुठे गेला?

पार्तोनो : कापला. पिंजऱ्याचा आकडा करायला.

तेजो : या अल्लाह!

सुमिरा : ती पहा, इशाची अझान सुरू झाली.

पार्तोनो : थांबा, थांबा सगळे. बांबू तर आहे ना? दोर आहे, कप्पी आहे. अँटेना वर चढवायची, एवढंच ना? चढवतो. गुंतुरसकट चढवतो. वजन लागतं, नाहीतर पिंजरा वाऱ्यावर पतंगासारखा नाचतो.

सुमिरा : अंधारात पाखरू वर नेणार? रविवारी स्पर्धा आहे ना त्याची?

पार्तोनो : असू दे.

सुमिरा : घसा बसेल म्हणता ना?

पार्तोनो : बसू दे. आधी पिंजरा आण.

सुमिरा : काही नको. वेडेपणा करू नका. मुक्या जिवाला माझ्या नाटकासाठी गारठवायचं? वजनच हवंय ना? माझा दगडी खल घ्या, चटणी वाटायचा. त्याला घसा नाही.

पार्तोनो : आणि गुंतुर?

सुमिरा : त्याला भात वाफवायच्या बांबूच्या टोपलीखाली झाकून ठेवते. तेजो, फोन ठेवू नकोस रे, मी तुला खिडकीशी घेऊन येते.

(अंगण. बांबूच्या बुडाशी पार्तोनो, हातात दोर. खिडकीत सुमिरा, तिच्या हातात फोन. तिच्या पाठीमागे टीव्ही आणि गल्लीतली माणसं.)

पार्तोनो : चढला! बघ गं, खल कसा शहाण्यासारखा चाललाय वर. एवढ्या उंच गेलेला पृथ्वीवरचा पहिला खल! उद्या बांतुलला नेतो याला, ओरडला नाही तरी वजनात पहिला येईल.

तेजो : इबू, पट्टीवर आकडा काय?

सुमिरा : भोपळा. नाही, नाही, वीस. अहो, वीस झाले!

तेजो : फिरवायला सांग. टेकडीकडे तोंड हवं. माशाचं डोकं टेकडीकडे.

सुमिरा : माशाचं डोकं टेकडीकडे!

पार्तोनो : कुठलं डोकं? अंधारात डोकं आणि शेपूट सारखंच दिसतं!

सुमिरा : तेजो, ते म्हणतायत डोकं कुठलं?

तेजो : ज्या बाजूचे काटे आखूड आहेत ती बाजू.

सुमिरा : आखूड काटे, अहो! तिकडे नाही, इकडे. माझ्या इकडे नाही, कासियेमबाईच्या घराच्या इकडे!

पार्तोनो : कासियेमबाई बसलीय कुठे आणि तिचं घर कुठे, एक काय ते सांग!

सुमिरा : घर! घर! चाळीस. पन्नास. परत वीस. अहो, काय करताय?

पार्तोनो : मी काही करत नाहीये, वारा करतोय! हा खालचा दोर ओढला की वळतो, सोडला की पिंजरा गर्रकन फिरतो.

सुमिरा : ओढून धरा. हां. सत्तर. ऐंशी! आलं! तेजो, आलं! काढ्याची जाहिरात लागलीय, बाई बाटली दाखवतेय. ऐकलास का आतला गलका?

तेजो : ऐकला, ऐकला! जोग्याचंच चॅनल आहे ना?

सुमिरा : तेच. कोपऱ्यात त्यांचं चिन्ह आहे. आता नाटकाचं नाव आलं. कासियेमबाई सगळ्यांना गप्प करतेय आणि स्वतःच बोलतेय.

पार्तोनो : लागलं ना? मग मी येतो आत. दोर खुंटीला बांधतो.

सुमिरा : या. लवकर या. तुमची जागा ठेवलीय पुढे.

पार्तोनो : बांधला. येतोय.

सुमिरा : अहो, गेलं! चौकोन चौकोन झाले. निळं झालं!

पार्तोनो : काय? बांधलाय की घट्ट!

तेजो : बापाक, परत धरा, परत धरा!

सुमिरा : आलं. आता आलं.

पार्तोनो : वारा बदलतोय. कधी सैल सोडावा लागतो, कधी ओढावा लागतो, पतंगासारखं. खुंटीला काय कळतं त्यातलं? दुसऱ्या कोणाला धरायला सांग. ए कासियेमबाई! बाहेर येतेस का जरा?

सुमिरा : त्या म्हणतायत, गुडघा दुखतो. आणि बाकी कोणाला तो दोर कळत नाही. परवा गल्लीतल्या दोघांनी हात लावला तर पिंजरा नारळात अडकवला होता.

पार्तोनो : ते खरंय. हा दोर फक्त मला आणि गुंतुरला कळतो.

तेजो : बापाक, तुम्ही पाच-पाच मिनिटं धरा, पाच मिनिटं सोडा…

पार्तोनो : आणि सोडल्यावर काय निळं बघू? नाही रे. मी धरतो. बघू दे सगळ्यांना. तू पण ऐक. अगं, फोन टीव्हीजवळ ठेव, त्याला तुझा आवाज जाईल.

सुमिरा : आणि तुम्ही?

पार्तोनो : मला काय, मी… मला टपरीवर सांगतील ना लोक.

सुमिरा : टपरीवर!

पार्तोनो : जा आत. तुझा प्रवेश कधी आहे?

सुमिरा : राजा मरतो, त्याच्यानंतर. मरेलच आता.

पार्तोनो : मग जा की! मी दोर बघतो. जा, उभी काय राहिलीस?

सुमिरा : तेजो, तुला टीव्हीपाशी ठेवतेय हं. ऐक नीट. जेवून घे मग.

तेजो : इबू, बापाकना सांग—

पार्तोनो : तिचं नाव घेतलं वाटतं कोणी. आतला आवाज वाढला. राजा मेला का? ए, कोणीतरी सांगा रे, राजा मेला का?

सुमिरा : मेला.

पार्तोनो : अगं, तू बाहेर काय करतेयस? आत तुझा प्रवेश—

सुमिरा : चालू आहे. आत मी नाव वल्हवतेय आणि कासियेमबाई रडतायत. त्यांचं त्यांना बघू दे. मला माहितेय मी कशी दिसते.

पार्तोनो : मग इथे कशाला आलीस? अंधार आहे, डास आहेत.

सुमिरा : वर बघू नका. माझ्याकडे बघा.

पार्तोनो : दोर सुटेल.

सुमिरा : हाताला कळतो ना तुमच्या? मग डोळे इकडे.

पार्तोनो : जरा अलीकडे ये. खिडकीतला उजेड पडतोय तिथे. हां. दिसलीस. डोक्यावर काय घेतलंयस?

सुमिरा : नाटकात टोपी होती, तट्ट्याची. इथे सूप मिळालं. हसू नका.

पार्तोनो : हसलो नाही.

सुमिरा : आणि हे वल्हं समजा. केरसुणी आहे, पण वल्हं समजा.

पार्तोनो : समजलो. वल्हंच आहे. पाणी पण दिसतंय मला. मासा उडाला बघ एक, केवढा—

सुमिरा : गप्प बसा. आता बोलायचं नाही. "बस, राजकुमारा. नाव जुनी आहे, पण या पाण्याला तिची ओळख आहे. तू कोण, कुठून पळून आलास, मी विचारणार नाही. भिजलेल्या माणसाला काय विचारायचं? आधी त्याला पलीकडे न्यायचं." (केरसुणी दोनदा वल्हवते.) "मला सोनं नको तुझं. पलीकडच्या काठाला उतरलास की एकदा मागे वळून बघ. इथे एक बाई वल्हं धरून उभी होती, एवढं फक्त बघून घे. मग जा कुठेही."

पार्तोनो : (हातातला दोर सैल सुटतो.)

सुमिरा : काय झालं? दोर ओढा, आतून ओरडतायत.

पार्तोनो : ओढला. मग? राजकुमार काय करतो?

सुमिरा : काही नाही. उतरतो आणि चालायला लागतो. पडदा.

पार्तोनो : पडदा असू दे. मला कुठे जाता येतंय, हातात दोर आहे. मी बघतोय, तू म्हण पुढचं.